दाखला, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक : बायबलकथांच्या सामुदायिक अभ्यासाचा विचार, जुन्नर-आंबेगावच्या श्रवणपरंपरेच्या संदर्भात

१

मराठी बायबलाचा अभ्यास आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी झाला आहे. भाषांतराचा इतिहास हे पहिले अंग आणि मिशनकार्याचा इतिहास हे दुसरे. सेरामपूर येथे विल्यम केरी यांनी वैजनाथशास्त्र्यांच्या साहाय्याने सिद्ध केलेला व १८११ मध्ये मोडी लिपीत छापलेला नवा करार, अमेरिकन मिशनने मुंबईत १८४७ मध्ये पूर्णत्वास नेलेले बायबल आणि पंडिता रमाबाईंचे १९२४ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनात छापून निघालेले भाषांतर, हे या इतिहासाचे ठळक टप्पे होत. परंतु भाषांतर पूर्ण झाले म्हणजे कथा श्रोत्यापर्यंत पोहोचली, असे होत नाही. चार माणसे एकत्र बसून एखादी कथा वाचतात, तिच्याविषयी बोलतात आणि आपापल्या आयुष्याशी ती ताडून पाहतात, तेव्हा त्या कथेचे काय होते, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेतला असूनही बहुधा उपेक्षितच राहिला आहे.

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या संदर्भात हा प्रश्न विचारण्यास कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीचे एक ठाणे जुन्नरास होते. पण बायबलाची कथा येथे आली ती ऐकण्याची सवय नसलेल्या प्रदेशात नव्हे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखाने वेद वदविले असे परंपरा सांगते, त्या रेड्याची समाधी याच भागात आळे येथे आहे. तुकारामांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतूरास मानली जाते. सप्ताहातील पारायण, प्रवचन, कीर्तन आणि जागर यांनी गावोगावचा श्रोता घडविलेला आहे. त्याही फार पूर्वी जुन्नरच्या डोंगरांतून लेणी कोरली गेली आणि बौद्ध भिक्षुसंघ तेथे नांदला. तात्पर्य, कथा एकत्र ऐकावी आणि तीवरून आपले जीवन तपासावे, ही गोष्ट या भूमीला नवी नाही. नवे होते ते कथेचे रूप. ते रूप येथील रूढ रूपांहून कोठे वेगळे पडते, हे पाहिले म्हणजे सामुदायिक अभ्यासाचे मर्म हाती लागते.

२

या विचाराला लागणारी परिभाषा मराठीत सातशे वर्षांपासून सिद्ध आहे. केसोबासांनी संकलित केलेल्या महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त प्रत्येक प्रकरणाची तीन अंगे असतात : सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक. सूत्रात सिद्धांत येतो, दृष्टांतात लौकिक गोष्ट येते आणि त्या गोष्टीचा सिद्धांताशी असलेला सांधा दार्ष्टांतिकात उलगडला जातो. हत्ती आणि आंधळे यांची सुप्रसिद्ध गोष्ट याच पद्धतीने मांडलेली आहे. येथे श्रोत्याला चुकण्यास वाव नाही. कथेचा अर्थ काय घ्यावयाचा हे सांगणाऱ्याने निश्चित केलेले असते. बौद्ध जातककथांतही अखेरीस ‘समोधान’ येते आणि पूर्वजन्मीच्या कथेतील कोणते पात्र म्हणजे आज कोण, याचा उलगडा स्वतः बुद्धच करतात. कीर्तनात पूर्वरंगातील निरूपण आणि उत्तररंगातील आख्यान यांचा सांधा जुळविणे हे कीर्तनकाराचे काम. तिन्ही ठिकाणी कथा पूर्ण करण्याचा अधिकार वक्त्याकडे राहतो.

शुभवर्तमानांतील कथा या चौकटीत बसवून पाहिल्या की एक विलक्षण गोष्ट दृष्टोत्पत्तीस येते. त्यांतील अनेक कथांना सूत्र नाही आणि दार्ष्टांतिकही नाही. पेरणाऱ्याच्या कथेचा उलगडा येशू करतो हे खरे. पण तो जमावापुढे नव्हे, तर मागाहून शिष्यांपुढे. शोमरोनी मनुष्याच्या कथेअखेर तो उत्तर देत नाही. विचारणाऱ्या शास्त्र्यालाच उलट प्रश्न करतो आणि उत्तर त्याच्याच तोंडून वदवितो. जुन्या करारातील योनाचे पुस्तक तर देवाच्या प्रश्नावरच संपते. योनाने काय उत्तर दिले हे ग्रंथात नाही. या कथांत दार्ष्टांतिकाची जागा मोकळी ठेवलेली आहे. ती श्रोत्याने भरावयाची आहे. सामुदायिक अभ्यासाची आवश्यकता येथूनच निर्माण होते आणि त्यातील धोकाही येथूनच.

३

दार्ष्टांतिकाची जागा मोकळी ठेवण्याचे सामर्थ्य कशात आहे, हे नाथान संदेष्ट्याच्या कथेवरून स्पष्ट होते. दावीद राजाने उरीयाच्या पत्नीचा अपहार केला आणि उरीयाला युद्धात मरणाच्या तोंडी दिले. नाथान राजापुढे येतो. दोषारोप न करता एक गोष्ट सांगतो. एका श्रीमंताचे पुष्कळ कळप होते. एका गरिबाजवळ एकच कोकरी होती, मुलीसारखी वाढविलेली. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने आपल्या कळपाला हात न लावता त्या गरिबाची कोकरी मारली. राजा संतापतो, त्या मनुष्याला मरणयोग्य ठरवितो, चौपट भरपाई करावयास लावतो. मग नाथान त्याला दाखवून देतो की ज्याचा न्याय त्याने आताच केला, तो मनुष्य म्हणजे राजा स्वतः.

येथे दार्ष्टांतिक एका वाक्याचे आहे. पण ते येण्यापूर्वी निवाडा श्रोत्याने करून टाकलेला आहे, आणि त्यामुळे आता त्याला मागे फिरता येत नाही. कथा आरंभीच सूत्र सांगून सुरू झाली असती, तर राजा सावध झाला असता. आपण दुसऱ्याविषयी बोलत आहो या समजुतीत मनुष्य जितका निर्भीड न्याय करतो, तितका तो स्वतःविषयी कधीच करीत नाही. बायबलकथेची ही युक्ती नव्हे. हाच तिचा नीतिविचार आहे. मेंढपाळांचे कळप दरवर्षी ज्या शिवारांतून जातात, तेथील श्रोत्याला एका कोकरीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. परंतु कळपवाला कोण, हे मात्र त्याला आपल्यापुरते ठरवावेच लागते.

४

या दृष्टीने मराठी भाषांतरांतील एका शब्दाकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. शुभवर्तमानांतील या कथांना रूढ मराठी बायबलात ‘दाखला’ असे म्हटले आहे. मराठीत दाखला म्हणजे पुरावा, आधार, पूर्वीचे उदाहरण. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला हे आजचे प्रयोग त्याच अर्थाचे. दाखला आधीच माहीत असलेली गोष्ट पक्की करतो. उलट ‘दृष्टांत’ या शब्दाला शास्त्रीय अर्थाबरोबर एक लौकिक अर्थही आहे : देवाने स्वप्नात येऊन दिलेला संकेत. असा दृष्टांत झालेला मनुष्य सकाळी उठून त्याचा अर्थ शोधू लागतो. तो त्याला अस्वस्थ करतो. येशूच्या कथा कोणत्या शब्दाला अधिक जवळच्या, याविषयी फारसा संशय राहू नये. ‘दाखला’ या शब्दाने श्रोत्याला अकारण निश्चिंत केले आहे.

भाषांतरकारांनी किंवा संपादकांनी घातलेल्या मथळ्यांनी तर याहून अधिक हानी केली आहे. लूकच्या पंधराव्या अध्यायातील कथा ‘उधळ्या पुत्रा’ची म्हणून मराठीत सर्वपरिचित आहे. मूळ ग्रंथात हा मथळा नाही. मथळ्याने धाकट्याला नायक केले आणि कथेचा उत्तरार्ध दुर्लक्षित राहिला. वस्तुतः बाप जिवंत असताना वाटणी मागणारा धाकटा भाऊ आणि शेतात राबून घरी परतणारा थोरला भाऊ, ही जोडी शेतकरी समाजास नवी नाही. जुन्नर-आंबेगावसारख्या बागायती मुलखात, जेथे जमिनीचा प्रत्येक गुंठा मोलाचा आहे, तेथे श्रोत्याची सहानुभूती सहजच थोरल्याकडे जाईल. मथळा पुसून कथा वाचली तर तिचा शेवट नजरेत भरतो : थोरला घराबाहेर उभा आहे, बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालीत आहे, आणि कथा संपते. तो आत गेला की नाही हे सांगितलेले नाही. ही कथा मूळ ज्यांना सांगितली ते पाप्यांच्या पंक्तीला बसणाऱ्या येशूवर कुरकुर करणारे धर्मनिष्ठ लोक होते. थोरला भाऊ तेच होते. अभ्यासास बसलेल्या सज्जनांनी कथा धाकट्याविषयीची म्हणून वाचली, तर कथा त्यांना चुकवून निघून जाते.

५

मराठीतील ख्रिस्ती साहित्यिकांनी ही मोकळी जागा निरनिराळ्या रीतींनी हाताळली. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचा आरंभच श्रोत्याच्या मागणीने होतो आणि पुढेही श्रोत्याचा प्रश्न व पाद्रीगुरूचे उत्तर ही रचना वेळोवेळी डोकावते. पुराणाची चौकट घेताना स्टीफन्स यांनी श्रोत्याला ग्रंथात बसविले, ही त्यांची मोठी सूक्ष्मता. तथापि उत्तर अखेर गुरूचेच. श्रोता विचारतो, ठरवीत नाही. मंगळूरकडील ख्रिस्ती समाजाने हा ग्रंथ हस्तलिखितांतून जपला आणि १९०७ मध्ये सालढाणा यांनी त्याची आवृत्ती काढली. ग्रंथ जगला तो ऐकणाऱ्यांमुळे.

नारायण वामन टिळकांनी कीर्तनाचा आश्रय केला, आणि ‘ख्रिस्तायन’ हे त्यांनी आरंभिलेले महाकाव्य पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. कीर्तनाने कथेला मराठी कान मिळवून दिला, पण सांधा जुळविण्याचे काम पुन्हा कीर्तनकाराकडे गेले. पंडिता रमाबाईंची वाट निराळी. हिब्रू व ग्रीक शिकून केलेल्या भाषांतरात त्यांनी संस्कृतप्रचुर शब्द टाळले, सामान्य बाईला कळेल अशी भाषा शोधली, आणि ते भाषांतर मुक्तिसदनातील स्त्रियांनीच छापले. वाङ्मयीन डौलाच्या दृष्टीने ही भाषा टिळकांच्या शेजारी उणी वाटेल. परंतु जी बाई स्वतः खिळे जुळविते, तिला अर्थाची वाटेकरी करून घेण्याची ही दृष्टी सामुदायिक अभ्यासाला सर्वांत जवळची आहे.

या दृष्टीचे पूर्ण रूप जगात अन्यत्र पाहावयास मिळते. निकाराग्वातील सोलेन्तिनामे बेटांवर कवी-धर्मगुरू एर्नेस्तो कार्देनाल यांनी शेतकरी व कोळी लोकांबरोबर शुभवर्तमान वाचले, आणि त्या चर्चांचे संकलन १९७० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाले. तेथे प्रवचनाची जागा संभाषणाने घेतली. त्या संभाषणांत राजकीय अर्थ कधी कथेवर लादलाही गेला. पण दार्ष्टांतिक श्रोत्याने भरावे हे तत्त्व त्यांनी निर्भयपणे अमलात आणले.

६

यावरून सामुदायिक अभ्यास निर्दोष ठरतो असे मात्र नाही. मोकळी जागा भरण्याचा अधिकार समुदायाला मिळाला, की ती दुसऱ्याच्या आयुष्याने भरण्याचा मोह होतो. याचे सर्वांत कठोर उदाहरण बायबलातच आहे. ईयोबाचे तीन मित्र त्याच्या दुःखाची वार्ता ऐकून येतात, सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मूकपणे बसतात, आणि नंतर बोलू लागतात. त्यांचे मौन हे ग्रंथातील थोर मैत्रीचे चित्र होय. त्यांचे बोलणे हा त्यांचा अपराध. दुःख आहे त्याअर्थी पाप असलेच पाहिजे, हे दार्ष्टांतिक ते ईयोबाच्या माथी मारतात, आणि ग्रंथाच्या अखेरीस देव त्यांनाच दोष देतो.

आंबेगाव तालुक्याच्या संदर्भात हा प्रश्न केवळ ग्रंथगत राहत नाही. ३० जुलै २०१४ रोजी पहाटे माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला आणि दीडशेच्या वर माणसे गाडली गेली. अशा प्रसंगानंतर कोणत्याही धर्माच्या श्रोत्यांत एक प्रश्न दबक्या आवाजात उठतोच : हे यांच्याच वाट्याला का? लूकच्या तेराव्या अध्यायात नेमका हाच प्रश्न आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली. ती यरुशलेमेतील इतरांहून अधिक पापी होती काय? येशू हा हिशेब स्पष्ट शब्दांत नाकारतो. पण तो तेथे थांबत नाही. प्रश्न मृतांवरून काढून विचारणाऱ्या जिवंतांवर आणून ठेवतो, आणि लगेच अंजिराच्या झाडाची कथा सांगतो. मालक झाड तोडावयास निघतो. माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. पुढल्या वर्षी फळ आले की नाही, हे याही कथेत नाही.

हा क्रम अर्थपूर्ण आहे. मेलेल्यांविषयीचे दार्ष्टांतिक करण्यास येथे मनाई आहे. स्वतःविषयीचे करणे मात्र बंधनकारक आहे. बायबलकथांच्या सामुदायिक अभ्यासाचा निकष यातून मिळतो. चर्चेअखेर श्रोत्यांना शेजाऱ्याच्या दोषाचे उत्तर सापडले असेल, तर कथा वाचली गेली नाही. स्वतःविषयीचा प्रश्न घेऊन ते उठले असतील, तर ती वाचली गेली. श्रद्धेचा याने भंग होत नाही. शुभवर्तमानांत श्रद्धा बहुधा सिद्ध उत्तराच्या रूपाने येत नाही. मिळालेल्या मुदतीच्या रूपाने येते.

७

मराठी परंपरेने कथेला दार्ष्टांतिक जोडण्याची शिस्त दिली. बायबलकथेने ते श्रोत्यावर सोपविण्याचे धाडस दाखविले. या दोहोंत विरोध मानण्याचे कारण नाही. शिस्तीवाचून धाडस स्वैर होते आणि धाडसावाचून शिस्त पोपटपंची होते. मथळे बाजूस ठेवावेत, कथा मोठ्याने आणि सावकाश वाचावी, प्रथम ईयोबाच्या मित्रांचे मौन पाळावे, आणि मग प्रत्येकाने आपल्यापुरतेच बोलावे, इतकी पथ्ये पाळली तर या कथांना मराठीत ‘दाखला’ न राहता ‘दृष्टांत’ होता येईल. थोरला भाऊ अजून अंगणात उभा आहे. त्याने आत जावे की नाही, याचा निर्णय ग्रंथकाराने केलेला नाही, भाषांतरकाराला तो करता येत नाही, आणि समीक्षकाने तो करू नये.