कपाटाची किल्ली कुणाकडे असते?

गेल्या ऑक्टोबरमध्ये भाचीच्या शाळेत गेले होते. मालवण तालुक्यातली, समुद्रापासून हाकेच्या अंतरावरची प्राथमिक शाळा. १५ ऑक्टोबर, म्हणजे वाचन प्रेरणा दिन. व्हरांड्यात सतरंजीवर पुस्तकं मांडलेली, शेजारी डॉ. कलामांच्या फोटोला हार. प्रत्येक मुलाने एकेक पुस्तक छातीशी धरलं, फोटो निघाला, ग्रुपवर गेला. अकराच्या सुमारास पुस्तकं मोजून पुन्हा कपाटात गेली. घरी येताना भाचीने विचारलं, "मावशे, आता परत कधी उघडतले?"

उत्तर मला माहीत होतं, कारण मीही अशाच शाळेत शिकले. आमच्या वेळचं कपाटही असंच होतं. लोखंडी, खालच्या कप्प्याला गंज, किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. चार वर्षांत त्यातलं एकही पुस्तक मी घरी नेलं नाही. वाचायची सवय लागली ती आजोबांच्या कार्डावर, गावच्या वाचनालयात.

सध्या शाळांच्या ग्रंथालयांचं ‘आधुनिकीकरण’ हा शब्द वारंवार कानावर येतो. डिजिटल वाचनालय, स्मार्ट टीव्ही, टॅब, बारकोड. यातल्या एकाही गोष्टीला माझा विरोध नाही. पण हे सगळं एका जुन्या गैरसमजावर चढवलेला नवा रंग आहे असं मला वाटतं. पुस्तक ही सांभाळायची वस्तू आहे, हा तो गैरसमज. तो तसाच ठेवला तर उद्या टॅबसुद्धा त्याच कपाटात जातील.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, तिथे वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं असावीत, असं लिहिलं आहे. समग्र शिक्षा योजनेत २०१८-१९ पासून ग्रंथालयासाठी वेगळं अनुदानही आहे. प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत. रक्कम छोटी आहे, पण शंभर रुपयांचं एक पुस्तक धरलं तर पन्नास पुस्तकं होतात. पंचवीस मुलांच्या शाळेला पन्नास नवी पुस्तकं म्हणजे चंगळच. मग अडतं कुठे? ग्रंथालय ‘असावं’ एवढं कायदा सांगतो. ते उघडं असावं, हे त्यात कुठेच नाही. तपासणीला येणारा माणूस पुस्तकं मोजतो. ती किती वेळा घरी गेली हे मोजत नाही.

आता शिक्षकांच्या बाजूने बघा. कपाटाला कुलूप लावणारे गुरुजी किंवा बाई काही पुस्तकांचे शत्रू नसतात. शाळेतलं टेबल, घंटा, सतरंजी डेडस्टॉक रजिस्टरला चढते, आणि पुस्तकाकडे बघायची नजरही तिथूनच येते. वस्तू हरवली तर जबाबदार कोण? फाटली तर निर्लेखनाचे कागद कोण करणार? दोन शिक्षकी शाळेत पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती आणि चार इयत्ता सांभाळणाऱ्या माणसाने आणखी एक झंझट का ओढवून घ्यावी? कुलूप हा त्याचा स्वतःपुरता शहाणपणा आहे.

गंमत अशी की सरकारी नियम याबाबतीत आपल्याला वाटतात तितके कडक नाहीत. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत म्हटलं आहे की, वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं वाजवी मानावं, त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. हा नियम केंद्राच्या कार्यालयांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेला तो थेट लागू नाही. पण त्यातला विचार उचलण्यासारखा आहे. तीस मुलं, आठवड्याला एक पुस्तक, वर्षातले पस्तीस आठवडे. म्हणजे १,०५० वेळा पुस्तक घरी गेलं. या हिशेबाने पाच पुस्तकं हरवली तरी ते ग्रंथालय व्यवस्थित चाललं आहे. ज्या शाळेत वर्षभरात एकही पुस्तक फाटलं नाही, हरवलं नाही, तिथे खरं तर चौकशी व्हायला हवी.

मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. पहिला नियम : पुस्तकं वापरण्यासाठी असतात. शेवटचा : ग्रंथालय ही वाढणारी, जिवंत गोष्ट आहे. एकीकडे ‘जिवंत’, दुसरीकडे ‘डेडस्टॉक’. आपल्या शाळांचं ग्रंथालय जुनाट का, याचं उत्तर या दोन शब्दांमधल्या अंतरात आहे.

कपाटाच्या आत काय आहे, हाही प्रश्न आहेच. भाचीच्या शाळेतली सतरंजी मी नीट पाहिली. बारीक टायपातली थोर पुरुषांची चरित्रं, सामान्यज्ञानाची पुस्तकं, स्पर्धा परीक्षांची दोन मार्गदर्शकं, एकाच बोधकथासंग्रहाच्या सहा प्रती. दुसरीतल्या मुलीला वाचता येईल असं फार थोडं. कोकणातल्या पावसाने निम्म्या पुस्तकांना बुरशी धरलेली, काहींना कसर लागलेली. बंद लोखंडी कपाट चार महिने दमट हवेत ठेवलं की दुसरं काय होणार? हाताळलेलं, वाऱ्यावर राहिलेलं पुस्तक आमच्याकडे जास्त टिकतं. आणि जे गेलं आहे ते काढून टाकायला हवं. शंभर कुबट पुस्तकांत दहा चांगली दडली की मुलाला ती शंभरही कुबटच वाटतात.

मराठीत मुलांसाठी चांगलं काही नाही, ही सबब आता चालणार नाही. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’सारखी चित्रपुस्तकं आहेत. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’वर मराठी चित्रकथा फुकट आहेत, डाउनलोड करता येतात, छापताही येतात. इथे मोबाइल खरंच उपयोगी पडतो. बाईंनी फोनवरची गोष्ट वर्गातल्या टीव्हीवर लावून मोठ्याने वाचली तर एका पैशाचा खर्च नाही.

पण मोबाइललाच ग्रंथालय म्हणायला माझं मन धजत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, तेव्हा आमच्या किनारपट्टीवरच्या कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. तेवढं लांब कशाला, जुलैतल्या कुठल्याही संध्याकाळी इथे लाइट आणि रेंज एकदमच जातात. शिवाय फोन आईबाबांचा असतो, पुस्तक मुलाचं स्वतःचं असतं. आपण सगळे स्क्रीनवर वाचणारे लोक आहोत, तुम्ही हा लेखसुद्धा फोनवरच वाचताय. पण आपल्यातल्या बहुतेकांना वाचनाची चटक कागदावर लागली, हे विसरायला नको.

अजून एक गोष्ट त्या कपाटात नव्हती : मालवणी. मुलं घरी, मैदानात, किनाऱ्यावर मालवणी बोलतात. पुस्तक हातात आलं की भाषा बदलते आणि चेहराही. सतरंजीवर माशांचं चित्र असलेलं एक पुस्तक होतं. पहिलीतला एक मुलगा बोट ठेवून म्हणाला, "ह्यो बांगडो." त्यानंतर सुरमय, पेडवे, मोरी अशी यादीच सुरू झाली. चार मुलं गोळा झाली, भांडायला लागली. संपूर्ण कार्यक्रमात पुस्तकावरून झालेली ती एकमेव चर्चा. तिला कुणी ‘वाचन’ म्हटलं नाही. ही मुलं रापण कशी ओढतात ते सांगतील, बाई ते लिहून घेतील, मुलं चित्रं काढतील, आणि ते शिवलेलं पुस्तक कपाटात जाईल. या कामाला अनुदान लागत नाही. मानक मराठीही त्याने बिघडणार नाही, उलट तिच्याकडे जायचा रस्ता सोपा होईल.

आमच्या जिल्ह्याला साहित्याचा अभिमान फार. बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे, वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते, मुलांसाठी इतकं लिहिणारे विंदा देवगड तालुक्यातले. जयंत्या आपण मन लावून करतो. त्यातली थोडी मेहनत शाळेच्या कपाटाकडे वळली तरी पुष्कळ होईल.

आणि वेळ फारसा नाही. जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांचा पट विसाच्या खाली आहे. २०२३ मध्ये अशा शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार पुढे आला, तेव्हापासून वाडीवाडीत धाकधूक आहे. नऊ मुलांच्या शाळेची गरज काय, असं विचारलं जातं. त्या शाळेतली पुस्तकं वाडीतल्या घराघरांत फिरत असतील, आई दुपारी त्यातलं एखादं चाळत असेल, मासेमारी बंद असलेल्या जून-जुलैत बाबा मुलाला गोष्ट वाचून दाखवत असेल, तर ‘ही शाळा आमची आहे’ हे म्हणायला वाडीकडे ठोस काही असेल. बंद कपाट कुणाच्याच बाजूने साक्ष देत नाही.

म्हणून माझं आधुनिकीकरण फार साधं आहे. कुलूप काढा. कुबट पुस्तकं निर्लेखित करा. आठवड्यातला एक तास ठरवा आणि देवघेवीची वही चौथीतल्या मुलांच्या हातात द्या; ती ती चोख ठेवतात. तपासणीच्या तक्त्यात ‘पुस्तकांची संख्या’ याच्या शेजारी ‘घरी गेलेली पुस्तकं’ असा एक रकाना वाढवा. आणि पुस्तक हरवलं तर शिक्षकाच्या खिशाला हात लावणार नाही, हे लेखी द्या. टॅब त्यानंतर येऊ देत.

भाचीला मी त्या दिवशी खरं उत्तर दिलं नाही. "विचारून बघूया," म्हटलं. पुढच्या सोमवारी तिने खरंच जाऊन बाईंना विचारलं. बाईंनी खणातून किल्ली काढली आणि एक पुस्तक दिलं. माशांचंच. ते अजून परत गेलेलं नाही. आतापर्यंत शेजारच्या दोन घरांत फिरून आलंय आणि त्याचं एक पान सुटलंय.