रोग की दुखापत?

अस्पृश्यता हा हिंदू समाजाला जडलेला रोग आहे, असे प्राध्यापक वर्गात सांगतात, समीक्षक लिहितात आणि आपणही सभांतून तेच बोलतो. दलित आत्मकथनांवर लिहिताना 'वेदना' आणि 'व्यथा' हे शब्द तर सढळ हाताने वापरले जातात. या शब्दांची एकदा झडती घेतली पाहिजे.

मराठीत आजार येतो, रोग जडतो, साथ पसरते. या क्रिया घडायला माणूस कर्ता लागत नाही. 'त्याने मला इजा केली' असे म्हणता येते; 'त्याने मला आजार केला' असे कुणी म्हणत नाही. अपघातात होते तीही इजाच, हे खरे. पण इजा म्हटले की 'कोणी केली?' हा प्रश्न उठतो. रोग म्हटले की फक्त औषध विचारले जाते. व्यथा तर प्रस्थापितांना त्याहून सोयीची. ती मनात राहते, आणि पाठीवरचा वळ नजरेआड होतो.

बाबासाहेबांनीही रोगाची भाषा वापरली आहे. 'जातिनिर्मूलना'च्या १९३७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी हिंदूंना भारतातले रोगी म्हटले. पण या रोगामुळे इतर भारतीयांचे आरोग्य आणि सुख धोक्यात आहे, हेही तिथेच बजावले. रोगी कोण आणि झळ कोणाला, यात त्यांनी गल्लत होऊ दिली नाही. आमचे समीक्षक मात्र 'समाज आजारी आहे' म्हणून मारणारा आणि मार खाणारा यांना एकाच खाटेवर निजवतात.

या बाबतीत कायदा समीक्षेच्या पुढे आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३१९ ने दुखापतीच्या व्याख्येत शारीरिक वेदनेबरोबर रोगही घेतला. एकाने दुसऱ्याला रोग घडवला, तर ती दुखापतच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही व्याख्या कायम आहे.

आता गटाराकडे पाहा. संरक्षक साधनांवाचून माणूस गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली. तरी माणसे उतरवली जातात, मरतात, आणि बातमी येते: 'गुदमरून मृत्यू'. त्याला उतरवले कोणी, हे त्या दोन शब्दांत कुठेच नाही. जगला तर त्याची कातडी आणि फुप्फुसे बिघडतात. त्याला आपण आजार म्हणतो.

विद्यार्थी मित्रांनो, पुढचे आत्मकथन वाचताना 'व्यथा' लिहिण्यापूर्वी थांबा. लेखकाने मारणाऱ्याचे नाव घेतले असेल, तर तुमच्या परीक्षणातही ते आले पाहिजे.