किनाऱ्यावरचा मुसाफिर आणि त्याचे सहप्रवासी

मराठी वाचकाच्या मनातले इंग्लंड बरेचसे लंडनचे आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने ते हसतखेळत दाखवले, तर मीना प्रभू यांच्या 'माझं लंडन'ने ते गल्लीबोळांसह आपल्यासमोर उभे केले. परंतु ब्रिटन हे मुळात एक बेट आहे आणि बेटाची खरी ओळख त्याच्या काठावर होते, हे मनात धरून लिहिलेले एक इंग्रजी पुस्तक आहे. पॉल थरू या अमेरिकन लेखकाचे 'द किंगडम बाय द सी' हे ते पुस्तक १९८३ साली प्रसिद्ध झाले. चाळीसहून अधिक वर्षांनंतरही ते वाचण्यासारखे आहे आणि त्याच्याशी भांडण्यासारखेही आहे.

थरू तेव्हा सुमारे अकरा वर्षे लंडनमध्ये राहत होते, पण तो देश त्यांनी फारसा पाहिला नव्हता. त्याआधी 'द ग्रेट रेल्वे बझार'साठी ते आशियाभर आगगाडीने फिरले होते. राजधानी एक्सप्रेसने मुंबईलाही येऊन गेले होते. १९८२ च्या उन्हाळ्यात त्यांनी घराजवळचाच देश निवडला. मार्गेटपासून निघून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, वाटेत उत्तर आयर्लंडचा किनाराही घेत, त्यांनी बेटाला जवळजवळ पूर्ण फेरी घातली. किल्ले आणि कॅथेड्रल पाहायचे नाहीत, किनारा सोडायचा नाही, जमेल तिथे पायी आणि नाही तिथे आगगाडीने किंवा बसने जायचे, असे साधे नियम त्यांनी स्वतःला घालून घेतले.

या पद्धतीतच पुस्तकाचे मर्म आहे. किनाऱ्याची वाट सरळ जाते, ती फिरून तुम्हाला सुरुवातीच्या जागी आणून सोडत नाही. मोटार एका गावात ठेवून चालत दुसऱ्या गावाला गेलात तर मोटारीसाठी परत यावे लागते. बसने आलेला माणूस मात्र मोकळा असतो. तो एका थांब्यावर उतरतो, दहा-बारा मैल चालतो आणि पुढच्या थांब्यावरून गाडी पकडतो. वेल्सच्या अँगलसी बेटाभोवती आज सुमारे १३० मैलांची किनारवाट आहे आणि २०१२ साली खुल्या झालेल्या ८७० मैलांच्या वेल्स किनारवाटेचा ती एक भाग आहे. तिथेही पुष्कळ लोक असेच टप्प्याटप्प्याने चालतात. थरू निघाले तेव्हा ही सलग वाट नव्हती, पण युक्ती तीच होती. अशा चालीला वेळापत्रकाचा जाच असतो. शेवटची गाडी चुकली तर मुक्काम तिथेच. पण तिचा एक मोठा लाभही असतो. चालताना माणूस एकटा असतो. गाडीत बसला की तो लोकांमध्ये येतो. दिवसभर समुद्र पाहायचा आणि संध्याकाळी त्या समुद्राकाठी जगणाऱ्यांच्या शेजारी बसायचे, असा हा दुहेरी प्रवास आहे.

थरू यांचे पुस्तक जिथे उत्तम आहे, तिथे ते या शेजारामुळेच उत्तम आहे. त्या उन्हाळ्यात फॉकलंड बेटांचे युद्ध चालू होते. ते युद्ध आपल्याला संसदेतल्या भाषणांतून भेटत नाही. ते गाडीच्या डब्यात, स्वस्त खाणावळीत, नाश्त्याच्या टेबलावर बोलणाऱ्या लोकांच्या तोंडून ऐकू येते. किनाऱ्यावर मोटार लावून, काचा बंद करून, आतूनच समुद्राकडे टक लावून बसलेली माणसे ते पुन्हा पुन्हा दाखवतात. एका देशाचे एकटेपण सांगायला एवढे एक चित्र पुरे आहे. स्कॉटलंडच्या वायव्य टोकाला, केप रॅथच्या ओसाड मुलखात, त्यांची लेखणी मऊ होते. पुस्तकातली ती पाने कोणीही प्रेमाने वाचावीत अशी आहेत.

मात्र मनुष्यवस्ती आली की सूर बदलतो. अ‍ॅबरडीन शहराविषयीचा राग तर उघड आहे. राग येण्याला हरकत नाही. प्रवासवर्णन म्हणजे स्तुतिस्तोत्र नव्हे. हरकत दुसऱ्याच गोष्टीला आहे. कोणी चौकशी केली की आपण प्रकाशन व्यवसायात आहोत, असे सांगून थरू मोकळे होतात. समोरची माणसे विश्वासाने बोलत राहतात आणि ती लेखकासमोर बोलत आहेत हे त्यांना ठाऊक नसते. त्यांच्या उच्चारांची, कपड्यांची, भाबड्या मतांची मग पुस्तकात थट्टा होते. सार्वजनिक वाहनातून प्रवास करणारा हा लेखक स्वतःला त्या सार्वजनिकांपैकी एक समजत नाही. तिकीट तो सर्वांसारखेच काढतो, पण बसतो मात्र न्यायाधीशाच्या खुर्चीवर.

याला एक सुंदर अपवाद आहे. त्याच वर्षी जोनाथन राबन हा इंग्रज लेखक होडीतून याच बेटाला फेरी घालत होता. दोघे ब्रायटनला भेटले. थरू यांनी ती भेट आपल्या पुस्तकात लिहिली आणि राबन यांनी १९८६ च्या 'कोस्टिंग'मध्ये आपल्या बाजूने लिहिली. दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचावीत. संपूर्ण फेरीत थरू यांनी रंगवलेल्या एका माणसाला तरी असे उत्तर देता आले, कारण त्याच्याही हाती लेखणी होती. खानावळ चालवणाऱ्या बाईच्या किंवा डब्यातल्या म्हाताऱ्याच्या हाती ती नव्हती.

हा प्रश्न आपल्या वाचकांना परका नाही. आपले मोहल्ले, आपल्या बायांचे बुरखे, आपली बोली यांची वर्णने वाटेने जाणाऱ्यांनी कितीदा तरी करून ठेवली आहेत आणि ती वाचताना 'अरे, आम्हाला विचारले तरी होते का?' असे मनात आले आहे. पण आता आपणही लिहितो. कोकणातल्या एस.टी.त, लोकलच्या डब्यात, परदेशातल्या बसमध्ये शेजारी बसलेला माणूस आपल्या लेखात येतो, तेव्हा हाच प्रश्न त्यालाही आपल्याला विचारता यायला हवा.

पाहावे कसे, हे थरूंकडून जरूर शिकावे. बस पकडून, पायपीट करून, प्रसिद्ध स्थळे टाळून एखाद्या देशाचा काठ वाचता येतो, हे त्यांनी सिद्ध केले आहे. सहप्रवाशाशी नाते कसे ठेवावे, हे मात्र त्या पुस्तकात मिळत नाही. हमसफर हा शब्द ज्या भाषेने आपल्याला दिला, तिने त्यात केवळ एकाच गाडीत बसणे अभिप्रेत धरलेले नाही.