पदकांची यादी आणि चरित्र

वीरपुरुषांची चरित्रे लिहिण्याची एक ठराविक तऱ्हा पडून गेली आहे. जन्म, शिक्षण, सैन्यात प्रवेश, आणि मग एकामागून एक पदके. पदकांच्या तारखा संपल्या की लेखकाची लेखणीही थांबते. अशा लेखकास लेनर्ड चेशायर (१९१७–१९९२) यांच्याइतका सोयीचा नायक मिळणे कठीण. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बाँबफेकी विमानांचे हे वैमानिक. नोव्हेंबर १९४० मध्ये कोलोनवरील स्वारीत तोफांच्या माऱ्याने फुटलेले विमान त्यांनी माघारी आणले, म्हणून डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर. पुढे तोच मान आणखी दोनदा. १९४१ साली डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस. आणि सप्टेंबर १९४४ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस. हा शेवटचा मान एखाद्या रात्रीच्या पराक्रमाबद्दल नव्हे, तर चार वर्षांतील शंभर उड्डाणांबद्दल होता, हे विशेष.

या यादीतील एक अक्षरही खोटे नाही. तथापि चरित्र म्हणून ती अपुरी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. वयाच्या पंचविसाव्या वर्षी मिळालेला ग्रुप कॅप्टनचा हुद्दा चेशायर यांनी एक पायरी खाली उतरवून घेतला, तो पुन्हा उड्डाण करता यावे म्हणून. या उतरण्यास पदक नसते. फेब्रुवारी १९४४ मध्ये फ्रान्समधील लिमोज येथील कारखान्यावर बाँब टाकण्यापूर्वी आतील कामगारांना बाहेर पडता यावे, यासाठी त्यांनी शत्रूच्या प्रदेशात आपले विमान वारंवार छपरालगत नेले. मनुष्य कळतो तो येथे. उलटपक्षी, याच दलाच्या सुमारे सव्वा लाख वैमानिक व सहकाऱ्यांपैकी ५५,५७३ परतले नाहीत, आणि त्यांच्या बाँबांखाली जर्मनीतील शहरे माणसांसह जळाली, हेही पदकावर कोरलेले नसते. चरित्रकाराने ते सांगावयास नको काय?

परंतु यादीस कंटाळलेला लेखक बहुधा दुसऱ्या खड्ड्यात पडतो. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवरील अणुबाँबचा स्फोट चेशायर यांनी ब्रिटिश निरीक्षक म्हणून दुसऱ्या विमानातून पाहिला. पुढे १९४८ साली ल कोर्ट येथील आपल्या घरी त्यांनी एका मरणोन्मुख माणसाची स्वहस्ते शुश्रूषा केली, व त्यातून अपंग आणि असाध्य रुग्णांसाठी निवासगृहे उभी राहिली. या दोन घटनांमध्ये पश्चात्तापाचा पूल बांधण्याचा मोह आम्हां मराठी वाचकांस तर अनावर होतो, कारण वाल्याचा वाल्मीकि झाल्याची कथा आपल्या रक्तातच आहे. पण चेशायर वाल्या नव्हते. त्या बाँबमुळे युद्ध लवकर संपले, असेच त्यांचे मत अखेरपर्यंत होते. निवृत्त सैनिकांची वसाहत वसविण्याचा त्यांचा प्रयोग फसला, आणि त्या फसलेल्या प्रयोगाच्या ओसाड घरात तो रुग्ण आला. सेवा पश्चात्तापातून नव्हे, दारात आलेल्या गरजेतून उभी राहिली. हे सत्य कथेपेक्षा कमी नाट्यमय असेल, पण अधिक उपयुक्त आहे. कारण पाप केल्यावाचून सेवेचा अधिकार नाही, अशी समजूत त्याने दूर होते.

याच कार्याचा धागा मुंबईपर्यंत आला. भारतातील पहिले चेशायर-गृह अंधेरीस निघाले, आणि १९५९ साली स्यू रायडर यांच्याशी चेशायर यांचा विवाह मुंबईतच झाला. मात्र ही कसोटी लावून पाहण्यास आम्हांस मुंबईला जाण्याचीही गरज नाही. आमच्या चांदा जिल्ह्यात वरोऱ्यास बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. तिच्यातून आनंदवन उभे राहिले, आणि १९७३ साली हेमलकसा येथे, आज गडचिरोलीत मोडणाऱ्या अरण्यात, लोकबिरादरी प्रकल्प. बाबांच्या मानसन्मानांची यादीही लांबलचक आहे. पण त्यांचे चरित्र सुरू होते ते एका भीतीपासून: पावसात पडलेला कुष्ठरोगी पाहून ते पळाले, आणि त्या पळण्याची लाज वाटून परत फिरले. पुढे १९९१ साली नर्मदेच्या प्रश्नावरून त्यांनी पद्मश्री व पद्मविभूषण हे दोन्ही सन्मान सरकारास परत केले. त्यायोगे त्यांच्या कार्यातील एक वीटही ढळली नाही.

पदकांचा उपहास करावा, असे आमचे म्हणणे नाही. मृत्यूच्या छायेत चार वर्षे वावरणाऱ्याचा मान राखलाच पाहिजे. एवढेच की, पदक हे इतरांनी त्या माणसाविषयी उच्चारलेले वाक्य आहे. चरित्रकाराचे काम ते वाक्य उतरवून घेण्याचे नसून, ते खाली ठेवल्यावर त्या माणसाचे हात कशात गुंतले हे पाहण्याचे आहे. चेशायर यांचे हात एका मरणाऱ्या माणसाच्या अंथरुणापाशी गुंतले. बाबांचे, इतर कोणी स्पर्श न केलेल्या जखमांवर. आमच्या तरुण चरित्रलेखकांनी यापुढे आरंभ तेथून करावा.