शेवट नसलेली गोष्ट

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका ताईंनी विचारलं होतं, "सर, मालिका सुरुवातीला छान असतात, मग बिघडतात का?" आज त्याचाच विचार करू. आमच्या मुरुडात दिवेलागणीला घराघरांतून शीर्षकगीतं ऐकू येतात. आम्हीही रोजचे प्रेक्षक; तेव्हा हे बोलणं घरातल्या माणसाचं समजा.

लेखक थकतात, कलाकार सोडून जातात, हे खरंच. पण लांबी हा मूळ दोष नव्हे. बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' ९४ भाग चाललं, १९८८ ते १९९०. कथा कुरुक्षेत्राकडे निघालीय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, भाग तीन हजारांवर गेले. इतक्या लांब पल्ल्याच्या रोजच्या मालिकेचा शेवट कथा ठरवत नाही, टीआरपी ठरवतो.

आता बघा, कर्माचा नियम नाकारला की दोन दोष येतात, असं आपले दर्शनकार सांगतात. एक कृतप्रणाश, म्हणजे केलेलं कर्म फळ न देताच नाहीसं होणं. दुसरा अकृताभ्यागम, न केलेल्याचं फळ पदरी पडणं. लांबवलेल्या मालिकेत दोन्ही सापडतात. सून आज दुधात विष कालवते, महिन्याभरात तीच देवघरात फुलं वाहते. कुणी जाब विचारत नाही. नायिकेची स्मृती जाते ती कथेतून नव्हे, वाहिनीच्या गरजेतून.

उलट उदाहरण कोकणातलंच. 'रात्रीस खेळ चाले'चा पहिला भाग २०१६ साली अण्णांच्या मृत्यूनेच सुरू झाला. २०१९चा दुसरा भाग मागे गेला. अण्णा कुठे पोचणार हे आपल्याला माहीत होतं, म्हणून त्यांच्या प्रत्येक पापाला वजन आलं. २०२१च्या तिसऱ्या भागात तो आधार उरला नाही, आणि आमच्या मते पकडही सुटली.

ॲरिस्टॉटल म्हणतो, चांगले कवीसुद्धा नटांसाठी कथानक ताणतात. आज ते आपल्यासाठी ताणलं जातं. आवडत्या पात्राला निरोप द्यायला आपणच तयार नसतो. आमची खरी काळजी इथे आहे. परिणामाविना घडणाऱ्या गोष्टी रोज पाहून, केल्याचा जाब असतो हेच आपण विसरू लागतो.

देवळातलं कीर्तन कितीही रंगलं तरी आरती होते, आणि आपण समाधानाने उठतो. चला, आमचंही लांबायला नको. प्रश्न असतील तर विचारा.