दुपार नसलेला दिवस

मामांच्या अंबाजोगाईच्या घरात लोखंडी पेटी आवरताना 'कॉल ऑफ द व्हॅली'ची एलपी सापडली. रेकॉर्डिंग १९६७चं. प्लेअरचा पट्टा बदलून लावली आणि चमकलो. यातले तुकडे मी कितीतरी वर्षं ऐकतोय! कोडिंग करताना लावायच्या 'फोकस' प्लेलिस्टमध्ये मधूनच संतूर वाजायचं, ते हेच. नाव बघायची गरजच कधी वाटली नव्हती.

शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची मांडीवर आडवी ठेवून वाजवलेली गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. निर्माते जी. एन. जोशी, म्हणजे आपल्या आजीच्या पिढीचे भावगीतवाले. शब्द नाहीत. काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून शेवटच्या पहाडीपर्यंत.

ब्रायन ईनोनं १९७८मध्ये 'अँबियंट' हे नाव रुजवलं, त्याच्या ११ वर्षं आधीचं हे काम. ईनोला दुर्लक्षही करता येईल असं संगीत हवं होतं. मी या एलपीशी नेमकं तेच करत आलो होतो. पण एलपीची बाजू संपली की उठावं लागतं, त्यामुळे कान जागे राहतात. मग कळतं की संतुरावर मींड जवळपास नसतेच. काडीचा आघात झाला की सूर विरायला लागतो. तो सूर लांबवायचं काम गिटार आणि बासरी करतात. एकजण ठिपके काढतो, दोघं ते जोडतात. सगळी गंमत या वाटणीत आहे आणि प्लेलिस्टमधल्या सुट्या तुकड्यात ती हाती लागत नाही.

एक तक्रार मात्र आहे. भैरवानंतर पिलू, आणि बाजू उलटली की थेट संध्याकाळचा भूप. भर दुपारचा सारंग नाहीच. बालाघाटाच्या डोंगरात मेंढरं घेऊन पाणी शोधत फिरणारी माणसं मी पाहिलीत. त्यांचा दिवस बहुतेक दुपारच असतो. ही व्हॅली फार सुखातली आहे. तरी देस सुरू झाल्यावर मी तक्रार विसरलो, हेही खरं.

देस संपत होता तेव्हा मामी दारात आली. म्हणाली, "तुझे मामा ही बाजू दिवस मावळल्याबिगर लावू देत नव्हते."

तीन वाजले होते. मी सुई उचलायला गेलो.

"राहू दे आता," ती म्हणाली आणि तिथंच उंबऱ्यावर बसली.