निंजा, कंदील आणि बहिर्जी

डब्लिनहून (कॅलिफोर्नियातलं, आयर्लंडमधलं नव्हे) गाडीने दक्षिणेला निघालात की दीड-दोन तासांत मॉस लँडिंग येतं. तिथल्या सागरी प्रयोगशाळेतल्या व्हिक्टोरिया व्हास्केझ यांनी २०१५ मध्ये दोन सहकाऱ्यांसोबत एका नव्या शार्कचं वर्णन प्रसिद्ध केलं. मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यापाशी, ८०० मीटरहून खोल पाण्यात राहणारा, जेमतेम अर्ध्या मीटरचा, काळाकुट्ट आणि अंगातून प्रकाश देणारा. आजची समीक्षा मात्र त्याच्या नावाची आहे.

नावं दोन आहेत. शास्त्रीय नाव एटमोप्टेरस बेंचलीआय, ‘जॉज’चे लेखक पीटर बेंचली यांच्यावरून. त्या कादंबरीने (१९७४) आणि पुढच्या वर्षीच्या सिनेमाने लोकांना शार्कची धडकी भरवली. नंतर बेंचली शार्क वाचवा म्हणून सांगत फिरले. मान योग्यच. पण या नावातून आपल्याला माणूस कळतो, मासा नाही.

दुसरं नाव निंजा लँटर्नशार्क. ‘निंजा’ सुचवलं व्हास्केझ यांच्या ८ ते १४ वर्षांच्या कझिन्सनी. आणि मला विचाराल तर तेच जास्त अचूक आहे. कारण ‘लँटर्न’ फसवतो. कंदील आपण दिसावं म्हणून लावतो. हे शार्क पोट उजळतात ते दिसू नये म्हणून! वरून झिरपणाऱ्या मंद निळ्या उजेडात खालून पाहणाऱ्याला माशाची काळी आकृती दिसते. पोटाचा उजेड त्या निळ्याशी जुळला की आकृती पुसली जाते. या जातीत तर प्रकाशाचे ठिपके कमी आणि अंग अधिक काळं. लपणं हा मुद्दा पोरांनी बरोब्बर पकडला.

आता मराठीत काय म्हणाल? छोट्या शार्कला कोकणात ‘मुशी’ म्हणतात, तो शब्द तयारच आहे. ‘कंदील मुशी’ केलंत तर इंग्रजीची चूक उचललीत. मी या सगळ्या कुळालाच ‘बहिर्जी मुशी’ म्हणेन. गोष्टींतले बहिर्जी नाईक नुसते अंधारात दडत नाहीत. भोवतालच्या लोकांसारखा वेष घेऊन भर गर्दीत दिसेनासे होतात. ही मुशी उजेडाचाच वेष घेते.

पोरकट वाटतंय? वाटू दे. ‘निंजा’ही पोरांचाच होता, एका संशोधिकेने तो मनावर घेतला म्हणून शोधनिबंधात छापला गेला. आपण मात्र मुलांना मराठीत फक्त जुनी नावं पाठ करायला देतो. मग नवी वस्तू दिसली की ती इंग्रजीकडे वळतात, आणि आपण त्यांना नावं ठेवतो. त्यापेक्षा एखादं नाव त्यांना ठेवू द्या.